व्हॅनिलाची वेल आणि एडमंडचा हात

नाताळ जवळ आला की आपल्या गावांतील घराघरांतून केकचा घमघमाट सुटू लागतो. रवा, अंडी, साखर आणि लोणी फेटून झाले म्हणजे घरची माउली फडताळातून एक इवलीशी बाटली काढते, तिच्यातील चार थेंब त्या मिश्रणात टाकते आणि सारे घर दरवळून जाते. त्या बाटलीवर ‘व्हॅनिला’ असे लिहिलेले असते. लेकरांस ते एखाद्या औषधाचे नाव वाटते आणि थोरांपैकीही पुष्कळांची अशी समजूत असते की हे कारखान्यात तयार होणारे रसायन होय. बहुतेक बाटल्यांच्या बाबतीत ही समजूत खरीही आहे. परंतु ज्या सुवासाची ती नक्कल आहे, तो मूळचा सुवास एका रानवेलीच्या शेंगेत परमेश्वराने साठवून ठेविला आहे. ती वेल कशी जगते, तिची जोपासना कशी करावी आणि तिला फळास आणणारा हात कोणाचा होता, हे आमच्या वाचक कुटुंबांस सांगावे या हेतूने आजचा हा लेख आम्ही लिहीत आहोत.

हे आम्ही लिहीत आहोत ते भोपाळच्या अरेरा कॉलोनीतून. या वेलीस मानवेल असे हे ठिकाण खचित नव्हे. येथे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारी वाहणारी लू हिरवे पान करपवून टाकते. पौष-माघात रात्री दहा अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली, गारवा उतरतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने हवा कोरडी असते. जमीन काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. अशा जागी पावसाळी अरण्यातील वेल जगवावयाची म्हणजे परक्या मुलखातील पाहुण्यास आपल्या घरात वाढविण्यासारखे आहे. त्यास काय रुचते, काय सोसत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. म्हणूनच या वेलीच्या जोपासनेचा विचार येथून करणे आम्हांस उपयुक्त वाटते. जे येथे साधते ते कोकणातील वाडीत कितीतरी सुलभपणे साधेल.

वेलीचे कूळ आणि माहेर

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातील वेल आहे. आपल्याकडे आंब्या-फणसाच्या खोडावर पावसाळ्याच्या तोंडाशी ‘सीतेची वेणी’ फुलते, ती हिचीच दूरची बहीण. ऑर्किडच्या कुळात हजारो जाती आहेत. परंतु ज्यांच्या फळाचा खाण्यासाठी मोठा व्यापार चालतो अशी जवळजवळ एकटी हीच. तिचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील उष्ण, दमट अरण्ये. तेथे ती जमिनीत मूळ धरून झाडाचा आधार घेत वर चढते. तिच्या पेरापेरांतून मुळे फुटतात. ती खोडाच्या सालीस बिलगतात आणि सालीवरील ओलावा व पालापाचोळ्याचे सत्त्व शोषून घेतात. ती बांडगुळासारखी झाडाचे रक्त पीत नाही; केवळ खांदा मागते.

आज जगातील अनेक उष्ण देशांत तिची लागवड असली तरी माहेरच्या रानात ती दुर्मिळ झाली आहे. अरण्ये तुटली आणि रानातील वेली खणून नेल्या गेल्या. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने रानटी व्हॅनिलाची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. याहून ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, मळ्यांतील वेली बियांपासून वाढविलेल्या नसून थोड्याशा मूळ वेलींच्या तुकड्यांपासून वाढविलेल्या आहेत. एकाच वेलीची ती लाखो रूपे म्हणावयास हरकत नाही. म्हणून एकीस जो रोग जडतो तो सर्वांस जडू शकतो. आणि त्या रोगाशी झुंजण्याचे बळ कोठे सापडले तर ते रानात उरलेल्या मूठभर रानटी वेलींतच सापडावयाचे. आपल्या भारतातही, विशेषतः दक्षिणेकडील रानांत, व्हॅनिलाच्या काही रानटी जाती आहेत. त्यांतील काहींस पानेच नसतात, हिरव्या दोरखंडासारख्या त्या झाडावर लोंबत असतात. अशी वेल कोठे दृष्टीस पडली तर ती उपटून घरी आणण्याचा मोह कोणी धरू नये. लावण्यासाठी रोपवाटिकेतील वेल आणावी. रानातील वेल रानालाच राहू द्यावी.

अरण्य अंगणात कसे आणावे

परक्या ठिकाणी रानवेल जगविण्याचे मर्म एकाच वाक्यात सांगता येईल: तिचे अरण्य तिला जे देत होते ते आपण द्यावे. अरण्य तिला पाच गोष्टी देते. गाळलेले ऊन, ओलसर हवा, चढावयास आधार, पालापाचोळ्याचे हलके अन्न आणि मुळांशी खेळता वारा. यांपैकी एक जरी चुकली तरी बाकीच्या चार तिला वाचवू शकत नाहीत.

प्रथम लागवड. साधारण हातभर ते दोन हात लांबीचा, आठ-दहा पेरांचा निरोगी तुकडा घ्यावा. खालची तीन-चार पाने काढून टाकावीत आणि तुकडा आठवडाभर सावलीत टांगून ठेवावा, म्हणजे जखमा सुकतात. पावसाचा जोर ओसरल्यावर तो लावावा. ऊस जसा मातीत पुरतात तसा हा पुरावयाचा नाही. खालची पेरे मातीवर आडवी ठेवून त्यांवर कुजलेल्या पाल्याचा थर द्यावा आणि कापलेले टोक किंचित वर उघडे ठेवावे. ते मातीत दडपले तर कुजते. वेल कापताना एक सावधगिरी बाळगावी. तिचा चीक अंगास लागला तर खाज सुटते. म्हणून मुलांस दूर ठेवावे आणि हात लगेच धुवावेत.

भोपाळच्या काळ्या मातीत ही वेल लावणे व्यर्थ आहे. पाणी तुंबले की तिची मुळे बुरशीने कुजतात, आणि मूळकूज हाच या वेलीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. म्हणून खोलपेक्षा पसरट अशी, तळाला भोके असलेली कुंडी घ्यावी. तीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे, जुन्या सालपटांचे तुकडे, भरपूर कुजलेला पाला आणि मूठभर मुरलेले शेणखत एवढेच भरावे. हाताने दाबले असता पाणी साचून राहू नये, परंतु ओल मात्र जाणवावी, अशी ती भर असावी. कोकणात जेथे जांभी, निचऱ्याची जमीन आहे तेथे कुंडीची गरज नाही. झाडाच्या बुंध्याशी पाल्याचा ढीग पुरे.

दुसरी गोष्ट आधार. अंगणात लाकडाचा खांब रोवावा आणि त्यास काथ्या किंवा गोणपाट गुंडाळावे. वेलीची मुळे त्यात शिरतात आणि खांब ओला ठेविला म्हणजे वेल त्यावरूनच पाणी पिते. ज्यांच्या वाडीत पांगारा किंवा गिरिपुष्प आहे त्यांस खांबाची जरुरी नाही. जिवंत झाडासारखा आधार नाही. वसईच्या बागायतीत जेथे एके काळी पानवेलीच्या वाड्या होत्या, तेथील वृद्धांस हे सांगावयास नको. पानवेल कशी बांधावी, कशी खाली घ्यावी, सावली कशी धरावी, हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. व्हॅनिलाची वेलही अशीच डोक्याच्या उंचीपर्यंत चढू द्यावी आणि मग हलक्या हाताने वळवून खाली सोडावी. ती वरवरच चढत राहिली तर फुलत नाही. खाली वळलेल्या, लोंबत्या भागावरच ती फुलते.

तिसरी गोष्ट सावली व ओलावा. निम्मे ऊन व निम्मी सावली हे तिचे प्रमाण होय. पूर्वेकडील ओटी उत्तम. पश्चिमेचे ऊन तिला मारते. चैत्रापासून मृगापर्यंत अरेरा कॉलोनीत हिरव्या जाळीचा आडोसा करावा लागतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि सायंकाळी लू थांबल्यावर खांबावर, पानांवर पाण्याचे बारीक तुषार शिंपडावेत. कुंडीच्या भोवती ओली विटकर पसरून ठेवावी, म्हणजे तिच्या अवतीभवती हवा दमट राहते. कुंडीत मात्र पाणी ओतत बसू नये. वरचे ओले गोणपाट तिला तारते, खालचा चिखल तिला बुडवितो. आश्विन संपला की पाणी कमी करावे. रात्रीचा पारा पंधरा अंशांखाली जाऊ लागला म्हणजे कुंडी घरात, खिडकीजवळ घ्यावी. खत म्हणून वर्षातून दोन-तीन वेळा पाल्याचा नवा थर आणि महिन्यातून एकदा शेणाचे अगदी पातळ, निवळलेले पाणी एवढे पुरे होते. अधिक दिल्याने ती अधिक वाढेल असे समजू नये.

आमच्या अंगणातील कुंडीत ही वेल आहे. ती हिरवीगार आहे, नवी पाने धरते आणि गोणपाटास घट्ट बिलगून आहे. ती फुललेली नाही. भोपाळच्या हवेत कुंडीतील वेल फुलेलच अशी हमी कोणी देऊ नये आणि घेऊही नये. तथापि रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडताना उत्पत्तीच्या पुस्तकातील एक गोष्ट आमच्या मनात येते. देवाने पहिल्या मानवास बागेत ठेविले ते केवळ फळे खाण्यासाठी नव्हे, तर तिची मशागत व राखण करण्यासाठी. राखणीचे काम फळ दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक सर्व जगास उद्देशून काढले, त्यातही या राखणीच्या कर्तव्याचा आग्रह आहे. ज्यांचा भोपाळला येण्याचा योग येईल त्यांनी येथील पर्यावरण परिसरातील प्रादेशिक नैसर्गिक इतिहास संग्रहालय आपल्या मुलांस अवश्य दाखवावे. १९९७ साली उघडलेले हे संग्रहालय अरेरा कॉलोनीतच आहे. झाड, पाखरू आणि माणूस एकमेकांवाचून कसे राहू शकत नाहीत याचे ज्ञान मुलांस तेथे डोळ्यांनी होते.

एका सकाळचे फूल

जेथे हवा मानवते तेथे लागवडीनंतर सुमारे तिसऱ्या वर्षी वेल फुलू लागते. पानाच्या बेचक्यातून घोस निघतो; त्यात पंधरा-वीस कळ्या असतात. रोज एखादे-दुसरे फूल उमलते. फूल पिवळसर हिरवे, दिसावयास साधे. ते पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजून जाते. त्या चार-सहा तासांत त्याचे पराग त्याच्या कुक्षीवर पोहोचले तर शेंग धरते. न पोहोचले तर फूल एक-दोन दिवसांत गळून पडते.

आणि येथेच निसर्गाने एक कुलूप घातले आहे. या फुलात परागकोश व कुक्षी अगदी शेजारी शेजारी असतात, परंतु त्यांच्यामध्ये एक बारीक पडदा असतो. तो बाजूस सारल्यावाचून पराग कुक्षीस लागत नाहीत. वारा ते काम करू शकत नाही. आपल्या साध्या मधमाश्यांसही ते साधत नाही. माहेरच्या रानातील काही विशिष्ट मधमाश्याच ते करतात, आणि तेथेही थोडीच फुले फळतात. वेल परदेशी गेली. तिच्या मधमाश्या मात्र मागे राहिल्या.

मेक्सिकोतील तोतोनाक लोक फार पूर्वीपासून या शेंगेचे जाणकार होते. अस्तेक लोक तिला आपल्या भाषेत ‘काळे फूल’ म्हणत आणि कोकोच्या पेयात तिची पूड घालीत. या वेलीचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र ज्या ग्रंथात आहे, त्याचा आपल्या ख्रिस्तसभेशी निकटचा संबंध आहे. मेक्सिकोतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या त्लातेलोल्को येथील विद्यालयात १५५२ साली मार्तीन दे ला क्रूस या देशी वैद्याने वनौषधींचा एक ग्रंथ रचिला आणि हुआन बादियानो या देशी विद्वानाने त्याचे लॅटिन भाषांतर केले. प्रवाशाने संरक्षणासाठी गळ्यात बांधावयाच्या सुगंधी पुडीच्या द्रव्यांत तेथे व्हॅनिला दाखविली आहे. हा ग्रंथ पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आला. आणि १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो मेक्सिकोच्या लोकांस परत केला. ज्यांचे ज्ञान, त्यांच्या हाती ते परत गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकतीत तिचा उपयोग आहे.

युरोपात ही वेल गेली, काचघरांत वाढली, क्वचित फुललीही. परंतु सुमारे तीनशे वर्षे तिला मेक्सिकोबाहेर शेंग म्हणून धरली नाही. १८३६ साली बेल्जममधील लिएज येथे शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातील फुलांस हाताने पराग लावून शेंगा आणविल्या. पण त्याची रीत मळ्यांतून चालण्याजोगी ठरली नाही. मळेवाल्यांस उपयोगी पडणारी रीत सापडली ती दुसऱ्याच कोणास.

बारा वर्षांचा एडमंड

मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात रियुनियन नावाचे बेट आहे. त्या काळी ते बूर्बाँ म्हणून ओळखले जाई. तेथे फ्रेंचांची सत्ता होती आणि उसाच्या मळ्यांत गुलाम राबत असत. सेंट-सुझान या गावी १८२९ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी एडमंडचा जन्म झाला. जन्म देतानाच माता वारली. मुलास आडनाव नव्हते, कारण गुलामास आडनाव नसे. तो फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याच्या घरी वाढला. मालकास झाडांचा छंद होता. तो या पोरास बागेत बरोबर घेऊन हिंडे. आपल्याकडे भोपळ्याचे नर फूल घेऊन मादी फुलास लावतात व फळ धरवितात, तशीच एका वेलीची रीत त्याने एडमंडास दाखविली होती.

त्या बागेत व्हॅनिलाची एक वेल सुमारे वीस वर्षांपासून होती. ती फुले, पण फळत नसे. १८४१ साली एके दिवशी मालक बागेत फिरत असता त्या वेलीवर त्यास शेंगा लोंबताना दिसल्या. त्याने आश्चर्याने विचारले. तेव्हा बारा वर्षांचा एडमंड म्हणाला की, हे मी केले. मालकाचा प्रथम विश्वास बसेना. मग एडमंडाने त्याच्या देखत एक फूल उघडले, बारीक काडीने मधला पडदा वर उचलला आणि अंगठ्याने हलकेच दाबून पराग कुक्षीस टेकविले. एवढेच. यास एका श्वासाहून अधिक वेळ लागत नाही.

आजही जगातील व्हॅनिलाचे मळे याच रीतीने फळविले जातात. बांबूची किंवा काट्याची टोकदार काडी, डाव्या हातात फूल, उजव्या हाताने पडदा उचलणे आणि अंगठ्याचा एक दाब. सरावलेला कामकरी एका सकाळी हजार ते दीड हजार फुले हाताळतो. एका घोसातील आठ-दहा फुलांसच पराग लावतात. सर्वांस लावले तर वेल थकून जाते. फळलेले फूल वेलीवरच टिकून राहते. तीच यशाची खूण.

बेलिए-बोमाँने आजूबाजूच्या मळेवाल्यांस बोलाविले आणि एडमंडास त्यांच्याकडे पाठवून ही कला शिकविली. बेट श्रीमंत झाले. तेथून ही रीत मादागास्करला गेली; आज जगात सर्वाधिक व्हॅनिला तेथेच पिकते. परंतु एडमंडास काय मिळाले? २० डिसेंबर १८४८ रोजी रियुनियन बेटावर गुलामगिरी संपली आणि साठ हजारांवर माणसे मोकळी झाली. एडमंड त्यांपैकीच एक. त्यास ‘आल्बियुस’ असे आडनाव मिळाले. पैसा मात्र मिळाला नाही. तो शहरात कामास गेला. तेथे चोरीच्या प्रकरणात त्यास सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्याच्या जुन्या मालकाने गव्हर्नरकडे रदबदली केली की, या बेटाचे एवढे भाग्य ज्याने उजळले त्यास दया दाखवावी. तेव्हा शिक्षा मुदतीपूर्वी संपली. पुढे एका विद्वान वनस्पतिशास्त्रज्ञाने असा दावा केला की ही रीत मूळ आपली. तेव्हाही बेलिए-बोमाँने पत्रे लिहून साक्ष दिली की शोध या मुलाचाच. ती पत्रे राहिली म्हणून आज आपणांस एडमंडचे नाव ठाऊक आहे. ९ ऑगस्ट १८८० रोजी एडमंड आल्बियुस त्याच सेंट-सुझान गावी दारिद्र्यात मरण पावला.

या हकीकतीत बेलिए-बोमाँचे दोन्ही चेहरे पाहावयास हवेत. त्याने सत्याची साक्ष दिली, ही गोष्ट त्याच्या पदरात घातलीच पाहिजे. परंतु ज्या मुलास त्याने वाढविले त्यास तो वर्षानुवर्षे आपली मालमत्ता म्हणूनच बाळगून होता. माया करणे आणि न्याय करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काम करणारा आपल्या मजुरीस योग्य आहे, ही प्रभूची शिकवण त्या बेटावरील ख्रिस्तमंदिरांतूनही वाचली जात असेलच. ती मळ्याच्या फाटकाशी थांबत होती.

शेंगेचा संयम

फूल फळल्यावर शेंग पिकावयास आठ-नऊ महिने लागतात. मातेच्या उदरातील बाळाइतकाच हा काळ. आणि नवल असे की झाडावरील हिरव्या शेंगेस सुवास नसतोच. तो साखरेशी बांधलेल्या रूपात शेंगेत निजलेला असतो. त्यास जागे करावे लागते. शेंगा त्रेसष्ट ते पासष्ट अंश उष्ण पाण्यात सुमारे तीन मिनिटे बुडवितात. मग घोंगडीत गुंडाळून पेटीत ठेवतात. तेथे त्यांस घाम फुटतो आणि त्या तपकिरी होतात. त्यानंतर कित्येक दिवस त्यांस रोज थोडे ऊन दाखवून पुन्हा गुंडाळावयाचे, मग आठवडेच्या आठवडे सावलीत वाळवावयाचे आणि शेवटी बंद पेटीत काही महिने मुरवावयाचे. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून एक किलो तयार व्हॅनिला मिळते. आंबोशी, कोकम किंवा पापड वाळविणाऱ्या आमच्या भगिनींस या कामाची जात ओळखीची वाटेल. फक्त येथे धीर अधिक लागतो.

इतके कष्ट असल्यामुळेच माणसाने नक्कल शोधली. १८७४ साली जर्मनीत टीमान व हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी पाइन वृक्षाच्या रसातील एका द्रव्यापासून हा सुवास तयार केला. आज बाजारातील बहुतांश व्हॅनिला अशी कृत्रिमच असते. ती वापरण्यात पाप नाही. गरिबाच्या केकासही सुवास हवा. मात्र नक्कल कोणती आणि मूळ कोणते हे ठाऊक असावे.

भावाची लाट आणि आपली वाडी

काही वाचक विचारतील, मग ही वेल लावून पैसा मिळेल काय? याचे उत्तर अलीकडच्या इतिहासातच आहे. एप्रिल २००० मध्ये हुदा नावाच्या चक्रीवादळाने मादागास्करच्या व्हॅनिलाच्या मुलखास झोडपले. माल घटला आणि भाव चढला. २००३-०४ च्या सुमारास तयार शेंगांचा जागतिक भाव किलोस सुमारे पाचशे डॉलरपर्यंत गेला. आपल्या केरळ-कर्नाटकातील अनेक शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने वेली लावल्या. वेल फळास येण्यास तीन वर्षे लागतात. तोवर, २००५ च्या सुमारास, भाव पन्नास डॉलरच्या आसपास कोसळला. अनेकांनी वेलींकडे पाठ फिरविली. पुढे भाव पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मादागास्करमध्ये चोरीच्या भयाने शेतकरी हिरव्या शेंगांवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवतात. ज्या पिकाचे दैव दूरच्या बेटावरील वादळात आहे, त्यावर घरातील सारे धन लावणे शहाणपणाचे नव्हे.

परंतु माडा-पोफळीच्या वाडीत इतर पिकांच्या सोबतीने दोन-चार वेली लावणे ही वेगळी गोष्ट आहे. कोकणात ‘लाखी बाग’ या नावाने माडांच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याची पद्धत रुळली आहे; त्याच सावलीत हिलाही जागा आहे. कर्ज काढू नये, जुनी झाडे तोडू नयेत, इतर पीक मोडू नये. घरच्या माणसांस सकाळी तासभर वेळ असेल तरच लावावी. कारण फुलाच्या वेळेला हजर राहणे एवढीच या वेलीची मागणी आहे, आणि ती उद्यावर ढकलता येत नाही.

फुलांच्या दिवसांत घरातील मुलांस हे काम अवश्य शिकवावे. मोठ्यांच्या जाड बोटांपेक्षा त्यांची बोटे यास अधिक योग्य असतात. पण शिकविणे वेगळे आणि राबविणे वेगळे. मादागास्करच्या व्हॅनिलाच्या कामात आजही मुले राबतात, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नोंदविले आहे. ज्या सुवासाचे दार एका गुलाम मुलाने उघडले, त्याच सुवासासाठी पावणेदोनशे वर्षांनंतरही कोणाचे बालपण खर्ची पडत आहे. आपल्या गावी मिरीची तोडणी असो, भाताची लावणी असो की विटांची भट्टी असो, मुलाची शाळा बुडवून केलेले काम देवाच्या दृष्टीने स्वस्त नसते. आणि घरी कामास येणाऱ्या बाईने किंवा गड्याने एखादी नवी युक्ती दाखविली, तर ती आपली म्हणून चार लोकांत सांगण्याआधी तिच्या धन्याचे नाव घ्यावे आणि त्याच्या मजुरीतही ती दिसावी.

यंदाच्या नाताळात केकात व्हॅनिलाचे थेंब टाकताना माउलींनी ही कहाणी मुलांस अवश्य सांगावी. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्या दूरच्या बेटावरील एडमंड आल्बियुसच्या आत्म्यासाठी एक ‘नमो मारिया’ म्हणावी, आणि ज्यांच्या हातांची नावे आपणांस ठाऊक नाहीत अशा सर्व कामकऱ्यांसाठी दुसरी.